मापांचे उपासक : कार्ल एडवर्ड जोहान्सन

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आता चांगलाच रुळलेला आहे. संत, राजे, देशभक्त आणि दानशूर यांची चरित्रे आम्ही आदराने वाचतो. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐरण, हातोडा आणि कानस यांच्या बळावर संसार चालविला, त्याच्या स्मरणिकेत एखाद्या कारागिराच्या चरित्रासही मानाचे पान मिळावे, हे उचित नव्हे काय? कारागीर आपल्या देशाचा असो वा परदेशाचा. पोलादाला जात, धर्म वा भाषा नसते, आणि पोलादाशी प्रामाणिक राहणाऱ्या मनुष्याचे चरित्र कोणत्याही ऐरणीवर काम करणाऱ्यास आपलेच वाटते. या विचाराने आम्ही स्वीडन देशातील कार्ल एडवर्ड जोहान्सन यांचा जीवनवृत्तान्त वाचकांस सादर करीत आहोत.

पुणे, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर किंवा नाशिक येथील यंत्रशाळांत ज्यांचा हात फिरला आहे, त्यांस स्लिप गेजची पेटी नवीन नाही. पेटीतल्या खणांत ओळीने मांडलेले, आरशासारखे लखलखणारे ते पोलादी ठोकळे टूलरूममधील इतर सर्व हत्यारांचे न्यायाधीश होत. मायक्रोमीटर खोटे बोलतो की खरे, याचा निवाडा त्यांच्यापुढे होतो. हे ठोकळे जोहान्सन यांच्या बुद्धीचे व हातांचे फळ होय. यंत्रविद्येच्या जगात ते ठोकळे त्यांच्याच नावाने ओळखले जातात आणि त्यांच्या देशबांधवांनी तर त्यांस मापांचा जोहान्सन असेच टोपणनाव दिले होते.

जोहान्सन यांचा जन्म १५ मार्च १८६४ रोजी मध्य स्वीडनमधील गोटलुंडा या खेडेगावच्या परिसरात झाला. त्या काळी स्वीडन आजच्यासारखा संपन्न देश नव्हता. शेती तुटपुंजी, हिवाळा दीर्घ, आणि तरुण पोरांचे तांडेच्या तांडे पोट भरण्यासाठी अमेरिकेची वाट धरीत असत. जोहान्सनही १८८२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्या भावाबरोबर अमेरिकेस गेले. मिनेसोटा प्रांतात त्यांनी अंगमेहनतीची कामे केली आणि जमेल तसे शिक्षणही घेतले. परंतु तेथे कायमचे न रमता दोन-तीन वर्षांनी ते मायदेशी परतले, आणि एस्किल्स्टुना या गावी त्यांनी यंत्रकामाची उमेदवारी पत्करली. दिवसा कारखान्यात घाम गाळावा आणि फावल्या वेळी तांत्रिक शाळेत गणित व रेखन शिकावे, असा त्यांचा क्रम असे.

एस्किल्स्टुना हे गाव चाकू, सुऱ्या, कुलपे व पोलादी अवजारे यांसाठी स्वीडनभर प्रसिद्ध आहे. याच गावी १८१२ साली स्थापन झालेला सरकारी रायफलींचा कारखाना होता. या कारखान्यात जोहान्सन यांस काम मिळाले, आणि पुढे ते तेथे शस्त्रास्त्रांच्या तपासनिसाच्या पदापर्यंत चढले. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही हे पाहणे, न बसणारा भाग का बसत नाही याचा शोध घेणे, आणि त्यास पुढे पाठवावे की मोडीत काढावे याचा निर्णय देणे, हे त्यांचे काम झाले. त्यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचे बीज या कामातच आहे. म्हणून रायफलीची जुळणी म्हणजे काय संकट असते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

रायफल ही दिसावयास एक लांब नळी व एक लाकडी दस्ता. परंतु तिच्या पोटात बोल्ट, चाप, कमानी, खिळी व स्क्रू असे कितीतरी भाग एकमेकांच्या आधाराने वागतात. समजा, जुळणी करताना बोल्ट आपल्या घरात शिरत नाही. अडाणी कारागीर काय करील? हाती जो भाग असेल त्यावर कानस चालवील. दोन हात मारले की बोल्ट सरकतो आणि कारागिरास वाटते, काम फत्ते झाले. परंतु खरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. बोल्ट जाड आहे, की घर अरुंद आहे? की दोन्ही बरोबर असून कोठे बारीक बर राहिली आहे? की उष्णतेचे पाणी देताना एखादा भाग किंचित पिळवटला आहे? दोहोंपैकी खोटा कोण हे न ठरविता जो कानस लावतो, तो एका चुकीवर दुसरी चूक चढवितो. घर अरुंद असताना बोल्ट घासला, तर तो बोल्ट त्या एका रायफलीपुरता बरा झाला. बाकीच्या सर्व रायफलींस तो कायमचा निकामी झाला.

जाणता फिटर असे करीत नाही. तो प्रथम भाग स्वच्छ पुसतो, बर काढतो, मग त्यावर शेंदराचा किंवा निळ्या रंगाचा पातळ हात देऊन भाग हलकेच बसवून पाहतो. जेथे रंग उठला तेथे स्पर्श आहे. उंचवटा तेथेच आहे. मग तो दोन्ही भाग मापतो आणि त्यानंतरच हत्यार उचलतो. तरीही एक अडचण राहतेच. पाच भाग एकापुढे एक बसावयाचे असतील आणि प्रत्येक भाग परवानगीच्या मर्यादेत असूनही सर्वच्या सर्व मोठ्या बाजूस झुकलेले असतील, तर प्रत्येकाची बारीकशी अधिकाई मिळून शेवटी जुळणी अडते. प्रत्येक भाग सुटा पाहिला तर निर्दोष, आणि एकत्र केले तर निरुपयोगी! बोल्टाचे तोंड व काडतुसाची बैठक यांमधील अंतर थोडेसे चुकले, तर बार उडताना काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू मागे येतो, आणि ज्याच्या खांद्याशी ती रायफल असते त्याच्या डोळ्यांवर संकट येते. म्हणून जुन्या रायफलींत नळी व बोल्ट यांवर एकच क्रमांक कोरलेला आढळतो. या बोल्टाने याच नळीशी संसार करावा, इतरत्र जाऊ नये, असा त्याचा अर्थ.

ही जखडलेली जोडी सोडविण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून चालले होते. फ्रान्समधील बंदूककार ओनोरे ब्लाँ याने १७८५ साली बंदुकीच्या खटक्याचे सुटे भाग ढिगांनी मांडून ठेविले, आणि त्या वेळी पॅरिस येथे अमेरिकेचे वकील असलेले थॉमस जेफर्सन यांनी हाती येतील ते भाग घेऊन स्वतः कित्येक खटके जुळविले. पुढे अमेरिकेच्या सरकारी शस्त्रागारांनी ही पद्धत वाढविली. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी सपाट पृष्ठभाग कसा साधावा व स्क्रूच्या आट्यांत एकवाक्यता कशी आणावी, हे दाखवून दिले. या सर्वांचे मुख्य साधन म्हणजे गेज. भागाने एका गेजात शिरावे आणि दुसऱ्यात शिरू नये, म्हणजे तो मापात आहे. इतका सोपा न्याय. कारागिराच्या अंदाजाऐवजी पोलादाची साक्ष आली.

परंतु साक्षीदाराची साक्ष कोणी तपासावी? गेज हजारो भागांवर फिरून झिजते. ते तपासावयास दुसरे, पेटीत जपून ठेविलेले गेज हवे. ते खरे कशावरून, म्हणून तिसरे हवे. शिवाय एक गेज म्हणजे एकच माप. रायफलीच्या शेकडो मापांसाठी शेकडो गेजे, प्रत्येक गेज टूलरूमच्या निष्णात कारागिराने हाताने घडविलेले, आणि रायफलीचा नमुना बदलला की त्यांतील पुष्कळशी मोडीत. ज्या संस्थेने अंदाजाची सत्ता मोडावयाची, तिच्या मुळाशी पुन्हा एका कारागिराचा अंदाजच बसलेला! तपासनीस जोहान्सन यांस हे शल्य रात्रंदिवस बोचत असे.

१८९४ च्या सुमारास स्वीडनने आपल्या सैन्यासाठी जर्मनीतील माउझर पद्धतीची शस्त्रे पसंत केली व ती परवान्याने एस्किल्स्टुना येथेच तयार करण्याचे ठरले. तयारीसाठी जोहान्सन यांस नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी, माउझर यांच्या कारखान्यात पाठविण्यात आले. जगप्रसिद्ध कारखाना, तेथे मापनाची काही अपूर्व पद्धत पाहावयास मिळेल, अशी त्यांची उत्कंठा होती. परंतु तेथेही तोच देखावा दिसला : प्रत्येक मापास एक गेज. आता या सर्वांची नक्कल आपल्या गावी करावयाची म्हणजे केवढा खर्च व केवढा काळ! निराश होऊन ते परतीच्या आगगाडीत बसले. हे साल १८९६. आणि त्याच प्रवासात त्यांच्या मनात तो विचार चमकला, ज्याने पुढे साऱ्या यंत्रजगाचे रूप पालटले.

तो विचार ऐकावयास इतका सोपा आहे, की आपणास तो का सुचला नाही असे प्रत्येकास वाटावे. वाण्याच्या दुकानात प्रत्येक वजनासाठी वेगळा दगड नसतो. थोड्याच वजनांची बेरीज करून तो हवे ते वजन तोलतो. लांबीचेही असे का होऊ नये? प्रत्येक मापास एक गेज करण्याऐवजी थोडे ठोकळे असे निवडावेत, की त्यांच्या बेरजेतून कोणतेही माप उभे राहावे. जोहान्सन यांनी गणित मांडले. पहिल्या मालिकेत १.०१ मिलिमीटरपासून १.४९ पर्यंत शतांशाशतांशाने वाढणारे ४९ ठोकळे, दुसरीत ०.५० पासून २४.५० पर्यंत अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढणारे ४९. आणि तिसरीत २५, ५०, ७५ व १०० मिलिमीटरचे चार. एकूण ठोकळे १०२. आणि त्यांतून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंत, शतांशाच्या अंतराने, सुमारे २०,००० मापे! उदाहरणार्थ, ३७.२८ मिलिमीटर हवे असेल तर १.२८, ११ आणि २५ हे तीन ठोकळे एकावर एक ठेवावेत. ५८.७३ हवे असेल तर १.२३, ७.५० आणि ५०. जिज्ञासू विद्यार्थ्यांनी कागद घेऊन आणखी उदाहरणे करून पाहावीत. त्यांतील मौज त्यांस आपोआप कळेल.

मात्र या कल्पनेस एक कठोर अट होती. ठोकळे एकावर एक ठेविले म्हणजे त्यांच्या चुकांचीही बेरीज होते. तीन-चार ठोकळ्यांची मिळून चूक नगण्य राहावयाची, तर प्रत्येक ठोकळ्याची चूक मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास राखली पाहिजे. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या सत्तराव्या भागाचा हा हिशेब! ज्या पाच भागांच्या चुका जुळून रायफल अडते असे आम्ही वर म्हटले, त्याच संकटाने येथे ठोकळ्यांच्या रूपाने दार ठोठावले होते. जोहान्सन यांनी त्यास टाळले नाही. कानशीने लपविलेही नाही. प्रत्येक ठोकळा इतका खरा करावयाचा, की बेरजेस भिण्याचे कारण उरू नये, हाच मार्ग त्यांनी निवडला.

असे ठोकळे घडवावेत कोठे? कारखान्यातील घासणीची यंत्रे या कामास पुरेशी बारीक नव्हती. तेव्हा जोहान्सन यांनी आपल्या घराचीच यंत्रशाळा केली. घरात पत्नी मार्गारेटा यांचे सिंगर कंपनीचे शिवणाचे यंत्र होते. जोहान्सन यांनी त्याच यंत्रास फेरफार करून घासावयाचे व झिलई देण्याचे यंत्र बनविले. कारखान्यातून घरी यावे, आणि त्या यंत्रावर ठोकळा घासावा, मापावा, पुन्हा घासावा, पुन्हा मापावा. घाईला येथे वाव नाही, कारण अधिक घासले गेलेले पोलाद परत येत नाही. या कामी मार्गारेटाबाईंनी घरचे सर्व काम सांभाळून पतीस मोठी मदत केली. त्या स्वतः घासणीस बसत. जगातील पहिल्या मापठोकळ्यांवर एका गृहिणीच्या हातांचा संस्कार आहे, ही गोष्ट इतिहासकार ओझरती सांगतात. आम्ही ती ठळकपणे नमूद करतो. आमच्या घरांतही भाता ओढणारे आणि घणाचा ठोका झेलणारे हात कितीदा स्त्रियांचेच असत, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. आणि कारागिराच्या नावापुढे त्यांचे नाव क्वचितच लागले, हेही ठाऊक आहे.

ठोकळे पूर्ण झाले तेव्हा त्यांच्यात एक अद्भुत गुण दिसून आला. दोन ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर किंचित दाबून सरकविले, की ते असे चिकटतात, की नुसते ओढून निघत नाहीत. पृष्ठभाग अत्यंत सपाट व गुळगुळीत असल्याने, आणि मधला तेला-ओलाव्याचा अतिशय पातळ थर व पोलादाच्या कणांचे परस्पर आकर्षण यांमुळे ही पकड निर्माण होते. केवळ हवेच्या दाबाने जेवढे चिकटावे त्याच्या कितीतरी पट ती बळकट असते. या गुणामुळे ठोकळ्यांची रास जणू एकाच पोलादाचा तुकडा होऊन जाते.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. पोलाद तापले की वाढते, हे लोहारास सांगावयास नको. गाडीच्या चाकावर धाव चढविताना आमचे पूर्वज याच गुणाचा उपयोग करीत आले. परंतु सूक्ष्म मापात हाच गुण वैरी होतो. १०० मिलिमीटरचा ठोकळा १० अंशांनी तापला, की तो मिलिमीटरच्या एक शतांशाहून किंचित अधिक वाढतो. म्हणजे नुसत्या हाताच्या उबेने सारी मेहनत पाण्यात. म्हणून जोहान्सन यांनी आपल्या ठोकळ्यांचे माप २० अंश सेल्सिअस उष्णमानास खरे धरले. पुढे १९३१ साली आंतरराष्ट्रीय मापन समितीनेही लांबीच्या मापासाठी हेच उष्णमान मान्य केले. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी गाठतो, तेव्हाही चांगल्या टूलरूममध्ये २० अंशांची थंडाई का राखतात, याचे कारण हे होय. आणि जेथे ती सोय नाही, तेथेही भाग व गेज एकाच फरशीवर काही तास ठेवून दोघांचे उष्णमान एक झाल्यावरच माप घ्यावे, हा त्यातील साधा धडा.

ठोकळ्यांचा संच पाहिल्यावर रायफल कारखान्याच्या अधिकाऱ्यांस त्याचे मोल कळले व त्यांनी जोहान्सन यांस पुढील कामासाठी वेळ व साधने दिली. नव्या शतकाच्या आरंभी त्यांस पेटंटही मिळाले. हळूहळू देशोदेशीच्या कारखान्यांची मागणी येऊ लागली, आणि जोहान्सन यांनी स्वतःची कंपनी उभारली. अमेरिकेतील पहिला संच १९०८ च्या सुमारास कॅडिलॅक मोटार कंपनीचे हेन्री लेलंड यांनी घेतला. लेलंड हेही तरुणपणी बंदुकांच्या कारखान्यांत तयार झालेले, सूक्ष्म मापाचे कट्टर अभिमानी. त्याच १९०८ साली इंग्लंडात त्यांच्या तीन मोटारी पूर्णपणे खोलून, सुट्या भागांची सरमिसळ करून, काही भाग तर दुकानातील नवे घालून पुन्हा जुळविण्यात आल्या आणि त्या ५०० मैल धावल्या. कानस वापरावयाची नाही, अशी अट होती. बंदुकीच्या कारखान्यात जन्मलेली शिस्त मोटारीच्या कारखान्यात आली होती, आणि जोहान्सन यांचे ठोकळे तिचे आधारस्तंभ होणार होते.

जोहान्सन यांनी आणखी एक काम केले, जे राजेमहाराजांसही साधले नसते. त्या काळी अमेरिकेचा इंच आणि इंग्लंडचा इंच यांत अतिसूक्ष्म फरक होता. अमेरिकेचा इंच २५.४००० मिलिमीटरहून किंचित मोठा, तर इंग्लंडचा किंचित लहान. आणि दोघांची मापनाची उष्णमानेही वेगवेगळी. बाजारहाटास हा फरक शून्यवत् असला, तरी सूक्ष्म गेजांच्या जगात तो खुपणारा होता. १९१२ साली इंची ठोकळे तयार करताना जोहान्सन यांनी मधला मार्ग काढला : इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, २० अंशांस. दोन्ही देशांच्या मापांशी तो इतका जवळ होता, की कोणासही तक्रारीस जागा उरली नाही. त्यांचे ठोकळे सर्वत्र पसरले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा इंचही. १९३० साली इंग्लंडच्या व १९३३ साली अमेरिकेच्या मानक संस्थांनी उद्योगधंद्यासाठी हाच इंच स्वीकारला. आणि १९५९ साली अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका यांनी करार करून त्यावर कायमची मोहोर उमटविली. आज कोठेही एक इंचाचा बोल्ट घडतो, तेव्हा तो एस्किल्स्टुनाच्या या कामगाराने ठरविलेल्या मापाने घडतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, जोहान्सन यांनी अमेरिकेतील पोकिप्सी गावी कारखाना काढला. परंतु युद्ध संपताच व्यापारात मंदी आली आणि कंपनी अडचणीत सापडली. कारागिरी उत्तम असली म्हणून व्यापार चालतोच असे नाही, हा अनुभव त्यांसही चुकला नाही. तेव्हा १९२३ साली त्यांनी हेन्री फोर्ड यांस पत्र लिहून सहकार्याची इच्छा कळविली. फोर्ड यांनी ती मान्य केली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जोहान्सन डिअरबॉर्न येथे त्यांच्या सेवेत रुजू झाले. साठीच्या उंबरठ्यावर मनुष्य पुन्हा दुसऱ्याच्या चाकरीत शिरतो, तेव्हा त्याचा अभिमान दुखावणे स्वाभाविक आहे. परंतु ठोकळे घडत राहिले पाहिजेत, नाव कोणाचे का असेना, असाच विचार त्यांच्या या कृतीतून दिसतो. आयुष्यात त्यांनी बावीस वेळा अटलांटिक महासागर ओलांडला. १९३६ साली, बहात्तराव्या वर्षी, ते निवृत्त होऊन मायदेशी परतले, आणि ३० सप्टेंबर १९४३ रोजी एस्किल्स्टुना येथे त्यांनी देह ठेविला. स्वीडनच्या अभियांत्रिकी विज्ञान अकादमीने त्यांस आपले मोठे सुवर्णपदक दिले, ते त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांनी.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? रायफल हे संहाराचे साधन आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु तिच्या न जुळणाऱ्या भागांतून जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर आज शेतकऱ्याच्या पंपात, शिवणाच्या यंत्रात आणि रुग्णालयातील उपकरणांतही काम करते. शोध कोठे जन्मला यापेक्षा तो कोठवर पोहोचला, हे पाहणेच योग्य.

याहून मोठा धडा मात्र आमच्या धंद्याच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. आमच्या कारागिरीचा अभिमान हा बहुधा अंदाजाचा अभिमान असतो. अमक्याच्या हातचा धुरा त्याच्याच हातच्या चाकात बसतो, तमक्याची धार दुसऱ्यास साधत नाही, असे आम्ही कौतुकाने सांगतो. परंतु तो हात थकला म्हणजे? कारागीर गेला, की त्याचे माप त्याच्याबरोबर जाते, आणि मोडलेला भाग बदलावयास आलेल्या गिऱ्हाइकास रिकाम्या हाताने परतावे लागते. पुष्कळ घराण्यांनी आपले कसब झाकून ठेविले, पुतण्यासही दाखविले नाही, आणि आज त्या घरांत ना ते कसब उरले ना ते गिऱ्हाईक.

जोहान्सन यांच्या हाताचे कसब कोणाहूनही कमी नव्हते. किंबहुना त्या हाताएवढा सूक्ष्म हात त्या काळी जगात विरळाच असेल. परंतु त्यांनी आपले कसब आपल्यापाशी न ठेवता ते पोलादात उतरविले व पेटीत घालून जगाच्या हाती दिले. ज्याने त्यांस कधी पाहिले नाही, ज्यास त्यांची भाषा येत नाही, अशा कारागिराने घडविलेला भाग हजारो कोसांवरील दुसऱ्या अनोळखी कारागिराच्या भागात अचूक बसावा, यासाठी त्यांनी जन्म वेचला. आपण अपरिहार्य व्हावे, ही सामान्य कारागिराची इच्छा असते. आपल्यावाचूनही काम बिनचूक चालावे, ही थोर कारागिराची.

यंत्राने हात मारला, असे गाऱ्हाणे आम्ही नेहमी ऐकतो. जोहान्सन यांचे चरित्र त्यास उत्तर देते. ज्या ठोकळ्यांवर जगातील यंत्रांचा खरेखोटेपणा ठरतो, ते पहिले ठोकळे घरातल्या एका शिवणाच्या यंत्रावर, पतिपत्नीच्या हातांनी घासलेले होते. हात हरत नाही. मापाला पाठ फिरविणारा हात हरतो. आमच्या तरुण ज्ञातिबांधवांनी तंत्रशाळेत जावे, लेथ, मिलिंग व संगणकावर चालणारी नवी यंत्रे अवश्य शिकावीत. परंतु भाग बसत नसला म्हणजे कानस उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून, दोहोंपैकी खोटा कोण, हा जोहान्सन यांचा प्रश्न स्वतःस विचारावा. जो हा प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरतो, त्याच्या हातचे काम त्याच्यामागेही टिकते. अशा मापांच्या उपासकास आमचे विनम्र अभिवादन असो.